आपल्या उन्हात कोणतं कुत्रं पाळावं?

नमस्कार श्रोतेहो.

गावातल्या गोठ्यात गाय तपासून झाली की हात धुताना हमखास एक प्रश्न येतो. "डॉक्टरसाहेब, पोरगं म्हणते हस्की पायजे. आणू काय?"

नका आणू. हस्की हा सायबेरियात बर्फावरून घसरगाडी ओढणारा कुत्रा. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर, आतला दाट लोकरीसारखा, बाहेरचा राठ. आणि आपल्या चंद्रपुरात, ब्रह्मपुरीत, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याची सगळी मदार धापा टाकण्यावर. कूलर लावू म्हणाल, तर भारनियमन आपल्याला ठाऊक आहेच. सेंट बर्नार्डचंही तेच. पगचं दुखणं वेगळं. नाक चपटं, श्वासाची वाट अरुंद, त्यामुळं त्याला नीट धापाही टाकता येत नाही. दुपारी पत्र्याच्या खोलीत कोंडलेला पग तासाभरातही दगावू शकतो.

फोनवर फोटो पाहून जात ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं. प्रत्येक जात कुठल्या ना कुठल्या कामासाठी माणसानं घडवली आहे आणि ते काम त्या कुत्र्याच्या अंगातून जात नाही.

लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात उतरणारे. स्वभावानं गरीब, लेकरांत रमणारा. पण राखणीसाठी आणाल तर चोरापुढंही शेपूट हलवेल. त्याचं पोट भरल्यासारखं कधी वाटत नाही, आणि हे निव्वळ लाडानं होत नाही. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. तेव्हा तो डोळ्यांत पाणी आणून पाहू लागला तरी चौथी पोळी टाकू नका. वजन वाढलं की आधी त्याचे खुबे जातात.

जर्मन शेफर्ड मेंढरं राखणारा. हुशार आहे, शिकवलेलं चटकन उचलतो. पण त्याला रोज माणूस लागतो, काम लागतं. वावरातल्या खोपडीला साखळीनं बांधून आठवडाभर सोडून दिलात, तर तो चावका होईल, आणि दोष मग जातीला लावला जाईल. आपल्याकडचे कारवान आणि मुधोळ हे शिकारी कुत्रे. अंगावर चरबी नाही, केस आखूड, ऊन बऱ्यापैकी सोसतात. मुधोळवर तर २००५ मध्ये टपाल तिकीटही निघालं. पण समोर काही पळालं की हा मागं धावणारच, मग ते शेजाऱ्याचं शेळीचं पिल्लू असो की ससा. सशाची शिकार कायद्यानं गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

आता आपलं गावठी. पाहुण्यांपुढं त्याची ओळख करून द्यायला लोकांना लाज का वाटते, मला कळत नाही. आखूड केस, उभे कान, वळलेली शेपूट. याला कुणी घडवलं नाही, इथल्या उन्हानं आणि उपासमारीनं निवडलं. वावरात जागलीला जाणाऱ्यानं गावठीच न्यावं, आणि जमलं तर दोन. रोही आणि रानडुक्कर आल्याची वर्दी त्यानं भुंकून द्यावी, एवढंच त्याचं काम. डुकराच्या अंगावर सोडू नका, सुळ्यानं पोट फाडलेली कुत्री आमच्याकडं येतात. जंगलाकाठच्या गावांत रात्री कुत्रं अंगणात बांधणं म्हणजे बिबट्याला जेवायला बोलावणं. बांधलेल्याला पळताही येत नाही. त्याला घरात नाहीतर बंद गोठ्यात घ्या.

गावठी काटक असलं तरी लस त्यालाही लागतेच. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पार्वो आणि डिस्टेंपर या दोन जीवघेण्या विषाणू-रोगांची, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. तीन महिन्यांवर रेबीजची, आणि ती पुढं दरवर्षी. ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे वाघांच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांनी डिस्टेंपरच्या लशीकडं जास्त लक्ष द्यावं. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत मरतूक झाली, तेव्हा त्यांच्यात याच रोगाचा विषाणू सापडला होता. कुत्र्यांकडून वाघालाही तो होऊ शकतो.

खाण्यात भाकरी-दूध, उकडलेलं अंडं चालेल. सावजी रस्सा मात्र नको, तिखटापेक्षा त्यातल्या कांदा-लसणामुळं. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेली कोंबडीची हाडंही नकोत, त्यांचे अणकुचीदार तुकडे आतड्यात रुततात.

आणि गोचीड. पऱ्हाटीवर फवारून उरलेलं औषध कुत्र्याच्या अंगाला चोळणारे लोक अजून आहेत. कुत्रं ते चाटतं, तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं, कधी जीव जातो. कुत्र्याचं गोचिडीचं औषध वेगळं असतं, तेच आणा, आणि जिथं ते झोपतं तिथल्या भिंतीच्या फटी लिंपून घ्या. गोचिडीची मादी अंगावरून उतरून त्या फटींतच अंडी घालते, म्हणून नुसतं कुत्रं धुऊन गोचीड हटत नाही. पावसाळा लागायच्या आधी हे उरकून घ्या.

नमस्कार.