एका माणसाचा एक बाण

(सिथियनांच्या युद्धकलेवरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज शस्त्रांबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात एका शिरगणतीने करतो.

काळ्या समुद्राच्या उत्तरेला, आजच्या युक्रेनमध्ये, सिथियनांचा अरिआंतास नावाचा राजा होता. आपली माणसं किती आहेत हे त्याला जाणून घ्यायचं होतं. ज्यांना गाव नाही, घर नाही, जी माणसं गाड्यांवर राहतात आणि गवत संपलं की पुढे सरकतात, त्यांची मोजणी करायची कशी? राजाने फर्मान काढलं: प्रत्येकाने बाणाचं एक टोक आणून द्यायचं. जो आणणार नाही, त्याला मरण. टोकांचा डोंगर जमला. तो वितळवून राजाने एक प्रचंड कढई ओतवली, सहा बोटं जाडीची, सहाशे अँफोरा, म्हणजे ग्रीकांचे मोठे रांजण, मावतील एवढी. हिशेब केला तर उन्हाळ्यात आपल्या दारात येतात तसे पाण्याचे दोन टँकर तिच्यात रिकामे होतील. हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इ.स.पू. पाचव्या शतकात लिहितो, की एक्साम्पेयस नावाच्या ठिकाणी ती कढई त्याला दाखवली होती.

आकडा बाजूला ठेवा, हेरोडोटसला मोठे आकडे आवडतात. मला रस आहे तो मोजण्याच्या मापात. राजाने माणशी एक मेंढी मागितली नाही, नाणं मागितलं नाही. बाणाचं टोक मागितलं, कारण ते प्रत्येकाकडे असणारच याची त्याला खात्री होती.

आता हे लोक कोण ते थोडक्यात सांगतो. सिथियन हे ग्रीकांच्या तोंडचं नाव. इराणी लोक त्यांना आणि त्यांच्या पूर्वेकडच्या भाऊबंदांना सरसकट ‘सका’ म्हणत. तोच शब्द आपल्याकडे ‘शक’ होऊन आला, त्याच्याकडे शेवटी वळू. इ.स.पू. सातव्या ते तिसऱ्या शतकापर्यंत युरोपातल्या डॅन्यूब नदीपासून सायबेरियातल्या अल्ताई आणि तुवापर्यंतच्या गवताळ प्रदेशात अशा टोळ्या पसरल्या होत्या. सगळे एक राष्ट्र नव्हते, एका राजाचेही नव्हते. पण त्यांच्या कबरी उघडल्या की तीन गोष्टी जवळपास सारख्या निघतात: घोड्याचा साज, शस्त्रं, आणि हरणं-वाघांच्या वळणदार आकृत्या.

बाणाचं ते टोक हातात घेतलं तर करंगळीच्या पेराएवढं भरतं. ब्राँझचं, साच्यात ओतलेलं, मागे काडी बसवायला पोकळ नळी. सुरुवातीला दोन पात्यांचं, पानाच्या आकाराचं. अनेकांच्या नळीला एक उलटा काटा असतो, म्हणजे बाण ओढून काढायला गेलं की मांस फाटणार. पुढे तीन पात्यांची टोकं आली. साचा एकदा केला की एकसारखी टोकं हवी तेवढी पाडता येतात, आणि वजन सारखं असलं की नेमही सारखा लागतो. एकेका योद्ध्याच्या कबरीत शंभराहून जास्त टोकं सापडली आहेत.

आर्मेनियातल्या येरेवानजवळ कर्मिर ब्लूर नावाचा, उरार्तू या प्राचीन राज्याचा किल्ला होता. तो जळून पडला, आणि त्याच्या विटांच्या भिंतींत अशी टोकं रुतलेली मिळाली. पूर्वी अभ्यासक लगेच म्हणायचे, पाहा, सिथियन येऊन गेले. आता जरा जपून बोलतात. कारण टोक इतकं सोयीचं होतं की पश्चिम आशियातल्या इतर सैन्यांनीही ते उचललं. मेद या इराणी लोकांचा राजा कायाक्सारेस याने तर आपल्या पोरांना धनुर्विद्या शिकवायला सिथियन गुरुजीच नेमले होते, असं हेरोडोटस सांगतो.

धनुष्य मात्र टोकाइतकं टिकत नाही, कुजून जातं. पण चीनच्या तुर्फान भागात यांगहाय इथल्या कोरड्या कबरींत या घाटाची धनुष्यं शाबूत सापडली आहेत. आपल्या डोळ्यांसमोर धनुष्य म्हटलं की रामाचं येतं, पुरुषभर उंच. हे मीटरभर, कधी त्याहूनही आखूड. मध्ये लाकूड, पोटाच्या बाजूला शिंगाच्या पट्ट्या, पाठीच्या बाजूला जनावराचे स्नायुतंतू, सगळं सरसाने एकजीव केलेलं. शिंग दाब सोसतं, स्नायू ताण सोसतो. दोघांच्या मध्ये लाकूड सुखाने राहतं. दोरी उतरवली की हे धनुष्य उलट्या दिशेला वळतं, म्हणजे दोरी चढवणं हेच निम्मं युद्ध. ग्रीकांनी सिथियनांच्या उगमाची एक कथा सांगितली आहे: हेराक्लीस आपलं धनुष्य ठेवून गेला, तीन मुलांपैकी ते वाकवणं फक्त धाकट्याला, स्कीथेसला, जमलं आणि भूमी त्याची झाली. शिवधनुष्य आठवलं ना? मलाही आठवलं. पण इथे वधू नाही, चराऊ रान आहे.

क्रिमियात केर्चजवळच्या कुल-ओबा या कबरीच्या टेकाडात १८३० मध्ये एक छोटं भांडं सापडलं. त्यावर एक दाढीवाला सिथियन मांडीखाली धनुष्य अडकवून दोरी चढवतो आहे. शेजारी एक जण दुसऱ्याच्या तोंडात बोटं घालून दात तपासतोय, आणि तिसऱ्याच्या पायाला पट्टी बांधणं चाललंय. लढाई संपल्यावरची दुपार असावी. घडवणारा ग्रीक कलेत मुरलेला, पण त्याने ही माणसं जवळून पाहिली होती, यात मला शंका वाटत नाही.

धनुष्य आखूड, म्हणून घोड्यावर चालतं. मानेच्या या बाजूने सोडा, त्या बाजूने सोडा, पळता पळता मागे वळून सोडा. रिकीब तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. खोगीर म्हणजे चामड्याच्या दोन भरलेल्या उशा, अल्ताईतल्या पाझिरिकच्या बर्फात त्या तशाच्या तशा मिळाल्या. म्हणजे दोन्ही हात धनुष्यात गुंतलेले, लगाम सैल, आणि तोल फक्त मांड्यांच्या पकडीवर. ही विद्या विसाव्या वर्षी शिकून येत नाही, पाचव्या वर्षी सुरू करावी लागते. धनुष्य आणि बाण दोन्ही एकाच पिशवीत, डाव्या कमरेला. ग्रीकांनी तिला ‘गोरितोस’ म्हटलं. भाता पाठीवर नसल्यामुळे हात डोक्यामागे न्यावा लागत नाही. श्रीमंतांच्या गोरितोसवर सोन्याचा पत्रा असे.

बाणांना विष लावत, असं ग्रीक लेखक लिहितात: विषारी साप कुजवायचे, माणसाचं रक्त शेणात पुरून ठेवायचं आणि त्यावर आलेलं पाणी त्यात मिसळायचं. ऐकूनच शहारा येतो, आणि मला वाटतं ही कथा पसरवण्यात सिथियनांचाही हात असेल. शत्रू बाणाच्या ओरखड्यालाही घाबरला, तर अर्धं काम झालं.

बाकी शस्त्रं होतीच. ‘अकिनाकेस’ नावाची हातभरापेक्षा लहान तलवार, तिची मूठ जिथे पात्याला मिळते तिथे बदामासारखा आकार. ‘सगारिस’ ही लांब दांड्याची लढाऊ कुऱ्हाड. भाला. श्रीमंताला खवल्यांचं चिलखत, म्हणजे चामड्यावर लोखंडी वा ब्राँझच्या चकत्या माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक शिवलेल्या. हे सगळं एकत्र पाहायचं असेल तर युक्रेनमधल्या सोलोखा या कबरीच्या टेकाडातला कंगवा पाहा. निकोलाय वेसेलोव्स्की यांनी १९१३ मध्ये तो खणून काढला, आज रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. पावणेतीनशे ग्रॅमहून अधिक सोनं. खाली दात, वर लढाई: एक घोडेस्वार भाला उगारतोय, समोर पायउतार झालेला योद्धा तलवार घेऊन, त्याचा घोडा उताणा मरून पडलेला. स्वाराच्या डोक्यावर शिरस्त्राण मात्र ग्रीक! स्थानिक विजार, आयात केलेलं डोक्यावरचं. नवश्रीमंतांची ही तऱ्हा जुनी आहे.

कवटीचे प्याले, शत्रूच्या डोक्याच्या कातडीचे लगामाला बांधलेले रुमाल, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. हेरोडोटस ते चवीने सांगतो, मी त्यात फार वेळ घालवणार नाही. एकच सांगतो, युद्धदेवाची मूर्ती म्हणून ते एक जुनी लोखंडी तलवार पुजत, काटक्यांच्या प्रचंड ढिगावर रोवलेली. देवाला चेहरा नाही, पातं आहे.

बायका लढत होत्या का, हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून आधीच घेतो. होय, काही जणी नक्की. हिप्पोक्रेटस या ग्रीक वैद्याच्या नावावरच्या ग्रंथात आहे, की शेजारच्या सौरोमाती स्त्रिया तीन शत्रू मारल्याशिवाय लग्न करत नसत. ते अतिरंजित असेल, पण कबरी खोटं बोलत नाहीत. तुवात १९८८ मध्ये एका मुलाची कबर सापडली होती, सोबत कुऱ्हाड, धनुष्य, बाण. सगळे तो मुलगाच धरून चालले. २०२० मध्ये डीएनए तपासणी झाली, तेव्हा ती मुलगी निघाली. तिचं वय चौदाच्या आतलं. घोडा आणि धनुष्य असलं की दंडाच्या ताकदीचा फरक पुष्कळसा मिटतो.

आता दारयवहूची मोहीम. इ.स.पू. ५१३च्या सुमारास इराणचा सम्राट दारयवहू, ग्रीकांचा डेरियस, डॅन्यूबवर होड्यांचा पूल बांधून सिथियनांच्या प्रदेशात घुसला. हेरोडोटस सात लाखांचं सैन्य सांगतो, तेवढं असणं शक्य नाही, पण मोठं होतं. सिथियनांनी काय केलं? बायका-मुलं आणि गुरं गाड्यांतून उत्तरेला पाठवली. विहिरी आणि झरे बुजवले, गवत जाळलं, आणि शत्रूपेक्षा एक दिवसाची मजल पुढे राहून मागे मागे सरकत राहिले. ज्या शेजाऱ्यांनी मदत नाकारली होती, नेमके त्यांच्याच मुलखातून! आपल्या आगीत त्यांनाही ओढलं.

वैतागून दारयवहूने राजा इदान्थिर्ससला निरोप धाडला: पळतोस काय, लढ, नाहीतर शरण ये. उत्तर आलं, त्याचा आशय असा: मी पळत नाही, रोज राहतो तसाच राहतोय. आमच्याकडे शहर नाही, पेरलेलं शेत नाही, मग घाई कशाची? अगदीच लढायचं असेल, तर आमच्या बापजाद्यांच्या कबरी शोधून त्यांना हात लावून बघ.

आपल्याकडे हे ऐकलं की कुणीतरी ‘गनिमी कावा!’ म्हणतं. थोडं साम्य आहे. पण शिवाजी महाराजांच्या युद्धाचा कणा किल्ला होता, झडप घालून परत जायला गड होता. सिथियनांकडे परत जायला जागाच नव्हती, आणि तेच त्यांचं बळ. मला त्यांची सगळी युद्धकला एका गोष्टीत दिसते: दोन सैन्यांमध्ये किती अंतर राहील हे तेच ठरवत. तलवारवाल्याला जवळ यावं लागतं. बाणवाल्याला हवं तेव्हा जवळ, हवं तेव्हा दूर.

मग ती प्रसिद्ध भेट आली: एक पक्षी, एक उंदीर, एक बेडूक आणि पाच बाण. दारयवहू म्हणाला, शरण आले. गोब्रियास या त्याच्या सरदाराने अर्थ लावला: पक्षी होऊन उडालात, उंदीर होऊन जमिनीत शिरलात, बेडूक होऊन तळ्यात उड्या मारल्यात तरच वाचाल, नाहीतर हे बाण आहेत. एकदा दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी असताना मधून ससा पळाला, आणि सिथियन लढाई सोडून त्याच्या मागे लागले. दारयवहूला तेव्हा पटलं म्हणे, की हे आपल्याला मोजतच नाहीत. इराण्यांच्या बाजूने एकच अस्त्र अनपेक्षितपणे चाललं. त्या थंड मुलखात गाढवं नव्हती, त्यामुळे इराणी तळावरच्या गाढवांचं ओरडणं ऐकून सिथियन घोडे बिचकत. शेवटी आजारी माणसं आणि तीच गाढवं तळावर सोडून सम्राट रात्रीतून माघारी फिरला.

हे अंतर हातातून सुटलं की काय होतं, तेही पाहा. इ.स.पू. ३२९ मध्ये सिकंदर आजच्या सिरदर्या नदीवर होता. पलीकडच्या तीरावर शक, निवांत. सिकंदराने यंत्रं लावली, मोठमोठे बाण फेकणारी. एक बाण ढाल आणि चिलखत दोन्ही भेदून गेला, स्वार घोड्यावरून कोसळला, बाकीचे तीरावरून मागे हटले. मग भरलेल्या कातड्यांवरून नदी ओलांडून सिकंदराने आधी एक छोटी तुकडी आमिष म्हणून पुढे काढली. शक नेहमीप्रमाणे तिच्याभोवती गोल फिरू लागले, आणि तेवढ्यात त्याने हलकं पायदळ मिसळलेले घोडेस्वार आत घातले. चक्र मोडलं, हजारेक शक पडले. पाठलाग मात्र थांबला, कारण उन्हात मिळेल ते पाणी प्यायल्याने सिकंदराचं पोट बिघडलं. त्याच्या दहा वर्षं आधी, इ.स.पू. ३३९ मध्ये, त्याच्या बापाने, फिलिपने, नव्वदीतल्या अतेयस राजाला डॅन्यूबजवळ मारलं होतं.

आता आपल्या दाराशी. आपल्याकडे आलेले शक या सगळ्यानंतर कित्येक पिढ्यांनी आले, आणि काळ्या समुद्राकाठचे नव्हेत, मध्य आशियातल्या भाऊबंदांपैकी. तोवर ते राज्यकर्ते झाले होते, लेणी कोरवून घेत होते, दानं देत होते. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात, त्याचे लेख नाशिकला पांडवलेण्यांत आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचं घराणं संपवलं. त्याची आई बलश्री त्याच लेण्यांच्या रांगेत त्याला ‘सकयवनपल्हवनिसूदन’ म्हणते, शक, यवन म्हणजे ग्रीक, आणि पल्हव म्हणजे इराणी पार्थियन, यांचा नाश करणारा.

नाशिक जिल्ह्यातच जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाणी. पुढच्या बाजूला त्याचा चेहरा. मागच्या बाजूला वज्र, आणि त्याच्या शेजारी बाण. त्यांतली नऊ हजारांहून जास्त नाणी गौतमीपुत्राने वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपला छाप मारला, एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. छाप सगळीकडे सारखा बसला नाही. काही नाण्यांवर त्याच्याखालून जुना बाण अजून डोकावतो.

दिवे लावा, प्रश्न घेऊ.