पऱ्हाट्यांचा धूर

हिवाळा लागला की खान्देशात भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. मळ्यात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटतात, त्यावर वांगी भाजली जातात. त्या धुराची चव जळगावकर जन्मभर विसरत नाही. पण ती उघड्यावरची आग. याच पऱ्हाट्या घरातल्या चुलीत रोज जळतात, तेव्हा धूर जातो कुठे?

हा कवडसा बघा. त्यात एकेक तरंगताना दिसतात ते कण मोठे. बरेचसे नाकात, घशातच अडकतात. धुरातले बारीक कण अडीच मायक्रॉनहून लहान असतात, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. ते थेट फुप्फुसाच्या टोकाला, वायुकोशांत उतरतात.

तिथे राखणदार पेशी असतात, मॅक्रोफेज नावाच्या. आत शिरलेले जंतू गिळणं हे त्यांचं काम. काजळीही त्याच गिळतात, पण ती पचत नाही. काजळीने भरलेली पेशी मग जंतूवर पूर्वीसारखी तुटून पडत नाही. श्वासनलिकेत कफ वर ढकलणारी बारीक लव असते, तीही धुराने मंदावते. न्यूमोकॉकस हा जंतू कित्येक धडधाकट मुलांच्या नाकात एरवीही असतो. आता त्याला खाली उतरायला वाट मिळते. क्षयाचा जंतू तर याच राखणदार पेशींत घर करतो. घरात आजोबा खोकत असतील, तर हे विसरून चालणार नाही.

धूलिकण जंतूंना पाठीवर घेऊन गावभर फिरतात का? 2020 साली इटलीतल्या बर्गामोत हवेतल्या कणांवर करोना विषाणूचे जनुकीय अंश सापडले होते. पण अंश सापडणं वेगळं आणि जिवंत विषाणू वेगळा. आपल्याकडे खरी काळजी आहे ती फुप्फुसाची राखण ढिली पडण्याची.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधे तापीचं खोरं. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. धूर वर चढत नाही, गावावरच बसून राहतो. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगची धूळ उडते तीही याच महिन्यांत.

2016 पासून उज्ज्वलाचा गॅस घरोघरी आला. पण सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि पऱ्हाट्या बांधावर फुकट मिळतात. म्हणून चूल विझली नाही. माय भाकरी थापते, बाळ मांडीवर असतं, कारण त्याला ठेवणार कुठे? जागतिक आरोग्य संघटना सांगते, घरातल्या धुराने लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो.

या घरात आठ महिन्यांचं बाळ दोन दिवसांपासून खोकतंय. आशाताई त्याला ओट्यावर, मोकळ्या हवेत आणायला सांगते. झबलं वर करते, घड्याळ समोर धरते. पोट वर-खाली होतंय. ती पूर्ण एक मिनिट मोजते, अर्धा नाही. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली गेली, तर त्याच दिवशी दवाखाना.

एकेचाळीस, बेचाळीस... माय भाकरीच्या पिठाचे हात तसेच धरून उभी आहे.