छेद कुठे गेला?

मंडळी, आजचा विषय ‘प्लेसमेंट सेलचं काम मोजायचं कसं’ असा जाहीर झाला आहे. प्लेसमेंट सेल म्हणजे मुलांना नोकऱ्या मिळवून देणारा कॉलेजातला विभाग. तिथे मी येणारच आहे, पण आधी त्या फ्लेक्सबद्दल बोलू द्या.

प्रवेशाचे दिवस आले की एसटी स्टँडपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत फ्लेक्स लागतात. निवड झालेल्या मुलामुलींचे फोटो, मधोमध सर्वांत मोठं पॅकेज आणि खाली ठळक अक्षरांत ‘९० टक्के प्लेसमेंट’. टक्केवारीला अंश लागतो तसा छेदही लागतो, हे आपण प्राथमिक शाळेत शिकलो. फ्लेक्सवर अंश असतो, छेद नसतो. माझं सगळं म्हणणं या छेदाबद्दल आहे.

समजा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला २४० विद्यार्थी आहेत. त्यांतल्या १८० जणांनी सेलकडे नाव नोंदवलं. कंपन्यांची अट नेहमीची: दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी, सगळीकडे ६० टक्के, आणि चालू बॅकलॉग नको. एक केटी, म्हणजे एक नापास विषय राहिला की मुलगा यादीतून बाहेर. अशी चाळणी लागून उरले १२०. त्यांतल्या १०८ जणांना ऑफर मिळाली. १०८ भागिले १२०, झाले ९० टक्के. आता तोच १०८ पूर्ण वर्गाने भागा: ४५ टक्के. पुढच्या वर्षभरात त्यांतले प्रत्यक्ष रुजू झाले ८४. मग ३५ टक्के. तिन्ही भागाकार बरोबर आहेत. फ्लेक्सवर मात्र पहिलाच जातो. काही ठिकाणी तर विद्यार्थी न मोजता ऑफर मोजतात. हुशार मुलीला तीन ऑफर आल्या तर ती तीनदा मोजली जाते.

यात मला सर्वांत जास्त काय खुपतं, ते सांगतो. छेदातून वगळले कोण? केटीवाले, दहावीला ५७ टक्के पडलेले, नाव नोंदवायलाच न आलेले. म्हणजे ज्यांना सेलची गरज सर्वांत जास्त, तेच. आपली मोजण्याची पद्धत अशी आहे की सेलने अशक्त मुलं लवकर सोडून दिली तर सेलचा आकडा सुधारतो. सेल सांभाळणारा अधिकारी, म्हणजे टीपीओ, मेहनती आणि प्रामाणिक असतो, पण मोजपट्टीच त्याला उलट्या दिशेला ढकलते. दहावीच्या ५७ टक्क्यांवर अडलेल्या मुलासाठी कंपनीच्या एचआरशी तासभर वाद घालणारा टीपीओ आपल्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

आणि नाव न नोंदवलेले ते ६० जण? काही पुढे शिकायला जातात, काही घरचं दुकान किंवा द्राक्षबाग बघतात, बरेच जण पुण्यात सदाशिव पेठेत कॉट घेऊन अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करतात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात प्लेसमेंट विचारतात, उच्च शिक्षण विचारतात, स्पर्धा परीक्षा पास झालेलेही विचारतात. पण पास न होता तीन-चार वर्षं अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला कुठल्याच रकान्यात जागा नाही. महाराष्ट्रात असे किती आहेत, हे तुम्हा सगळ्यांना गावागावांतून माहीत आहे.

एनआयआरएफचं, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीचं, श्रेय मी देतो. २०१६ पासून याद्या येतात आणि आता ते सरासरी पगार न विचारता मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार, विचारतात. दहा मुलं घ्या. नऊ जणांना ३ लाख ६० हजार, एकाला ४४ लाख. सरासरी येते ७ लाख ६४ हजार, आणि इतका पगार त्या दहांत कोणालाच नाही. मध्यक ३ लाख ६० हजारच राहतो. पण तिथेही उत्तीर्ण होणाऱ्यांचा रकाना ‘किमान ठरलेल्या कालावधीत’ असा आहे. एक वर्ष जास्त लागलेला मुलगा तिथूनही निसटतो. सोपा उपाय आहे. कॉलेजने भरलेला तक्ता वेबसाइटवर असतो. त्यात पहिल्या वर्षाचे प्रवेश आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेले डिप्लोमावाले यांचे रकाने शेजारीच आहेत. त्यांची बेरीज करून नोकरी लागलेल्यांच्या संख्येला त्या बेरजेने आपण स्वतः भागायचं.

पॅकेजचंही बघू. ‘६ लाख’ म्हणजे सीटीसी, कंपनीचा त्या मुलावरचा वर्षाचा एकूण खर्च. समजा मूळ पगार महिन्याला २५,०००. कंपनीचा पीएफ १२ टक्के, वर्षाचे ३६,०००. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, १४,४३०. कामगिरीवर मिळणारा भाग ६०,०००. वर्षभर टिकलात तर मिळणारा बोनस ५०,०००. विम्याचा हप्ता ७,५७०. हे सगळं वजा केलं की उरतात ४,३२,०००, महिन्याला ३६,०००. त्यातून मुलाच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ३२,८००. सहा लाख भागिले बारा करून आई-वडील पन्नास हजार धरून बसलेले असतात, त्यावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता ठरवतात. अहमदाबादच्या आयआयएमने प्लेसमेंट अहवालासाठी मानकं आखली, त्यांत पगाराचे भाग वेगवेगळे दाखवायचे आणि अहवाल बाहेरच्यांकडून तपासून घ्यायचा, असं ठरवलं. आपल्या साध्या कॉलेजांनाही हे जमेल. एका पानाचं काम आहे.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली म्हणतात. म्हणजे मूळ विषय आता भराभर घ्यावा लागेल.

पहिलं काम, गळती कुठे आहे ते टप्प्याटप्प्याने लिहा. नोंदणी, ॲप्टिट्यूड, टेक्निकल, एचआर, ऑफर, रुजू, एक वर्षानंतर. प्रत्येक टप्प्याला किती शिरले, किती पार झाले. समजा, एका कंपनीला १२० बसले आणि ॲप्टिट्यूडला ४८ च पार झाले, तर शेवटच्या वर्षाच्या फेब्रुवारीत घेतलेली दोन दिवसांची कार्यशाळा काही कामाची नाही. शेकडेवारी, काळ-काम-वेग दुसऱ्या वर्षापासून हवं. टेक्निकलला गळत असतील तर प्रश्न विभागाचा आहे, प्रोजेक्ट विकत आणले जाताहेत का ते बघा. ऑफर मिळूनही रुजू होत नसतील तर कारणं फारच साधी निघतात: निकाल लांबला म्हणून प्रोव्हिजनल सर्टिफिकेट नाही, ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या बाँडला घरचे घाबरले, सोलापूरच्या मुलीला हिंजवडीत पहिल्या पगाराआधी खोलीचं डिपॉझिट भरणं शक्य नाही.

दुसरं. सेलमुळे काय फरक पडला, ते वेगळं काढा. कार्यशाळेला आलेल्यांना नोकऱ्या जास्त मिळाल्या, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण धडपडी मुलं आधी येतात. मॉक इंटरव्ह्यूच्या ६० जागा आणि १५० अर्ज आले तर चिठ्ठ्या टाका. निवडलेले ६० आणि राहिलेले ९०, वर्षाअखेरीस तुलना करा. हा न्यायही आहे आणि मोजमापही.

तिसरं, कधी विचारायचं. अमेरिकेत कॉलेजं आणि नोकरी देणाऱ्यांची संघटना सहा महिन्यांनी विचारा म्हणते, आणि किमान ६५ टक्के विद्यार्थ्यांचा ठावठिकाणा लागला पाहिजे, असं सांगते. ब्रिटनमध्ये आधी सहा महिन्यांनी विचारत, आता १५ महिन्यांनी विचारतात. आपण ऑफर लेटर आलं की फाइल बंद करतो, रुजू होण्याची तारीख वर्षभर पुढे गेली तरी आकडा तसाच राहतो. ठावठिकाण्याची टक्केवारी छापायला सुरुवात केलीत, तरी पुष्कळ झालं.

चौथं, माणूस. कला-वाणिज्य-विज्ञानच्या कॉलेजांत आठवड्याच्या १६ तासिका घेणाऱ्या एका सहायक प्राध्यापकावर सेलची जबाबदारी असते. सेल किती चांगला, हे विचारण्याआधी त्याला किती तासिकांची सूट दिली, ते विचारा.

शेवटचं, फोन कसा करायचा. नॅकची फाइल भरायची वेळ आली की व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकतात. तो नोकरी लागलेलेच भरतात, बेकार मुलगा लिंक उघडतही नाही. म्हणून मार्कशीट न्यायला येतील तेव्हाच घरच्यांचा नंबर लिहून घ्या, मुलांची सिमकार्डं बदलतात. रविवारी संध्याकाळी फोन करा. पाचच प्रश्न: काय करतोस, कुठे, हातात किती येतात, शिकलेलं वापरतोस का, आणि सेलकडून काय मिळायला हवं होतं. ‘अजून काही नाही, सर’ असं उत्तर आलं तर तेही लिहा, आणि त्याच आठवड्यात त्याला परत बोलवा.