युंगफ्राऊचा बोगदा: बर्फापर्यंत रूळ नेणारे हात

[दृश्य: क्लाइनं शायडेग स्थानक, लाल गाडी, मागे तिन्ही शिखरं]

स्वित्झर्लंडमधली ही खिंड, क्लाइनं शायडेग. उंची २०६१ मीटर. डावीकडे आयगर, मधे म्योंश, उजवीकडे युंगफ्राऊ. कुरणाच्या कडेला उभी असलेली ही लाल गाडी आता निघेल. सव्वा नऊ किलोमीटरांचा मार्ग, आणि त्यातले सुमारे सात किलोमीटर डोंगराच्या पोटातून. शेवटचं स्थानक युंगफ्राउयोख, ३४५४ मीटरवर. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही वर! युरोपात यापेक्षा उंचीवर दुसरं रेल्वे स्थानक नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत या डब्यांमध्ये मराठी हमखास कानावर पडतं.

[दृश्य: रुळांच्या मधली दातेरी पट्टी, अगदी जवळून]

दोन रुळांच्या मधे बघा. तिथे आणखी एक रूळ आहे आणि त्याच्या माथ्यावर दात कापलेले आहेत. गाडीखालचं दातेरी चाक त्या दातांत बसतं. एक दात सुटायच्या आत पुढचा धरलेला असतो. म्हणून चारास एक असा चढही गाडी न घसरता चढते. दात काळे, ग्रीसने माखलेले, पण जिथे चाक घासतं तिथे चांदीसारखे लख्ख. ही रचना एमिल श्ट्रुब या अभियंत्याची, आणि ती पहिल्यांदा बसवली गेली याच मार्गावर. गाडी सुरुवातीपासून विजेवरची. इतक्या लांब बोगद्यात वाफेच्या इंजिनाच्या धुराने माणसं गुदमरली असती. म्हणून खाली लाउटरब्रुनेनच्या नदीवर वीजघर उभारलं गेलं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं: बोगद्याचं तोंड, कामगारांचा घोळका]

१८९३ चा ऑगस्ट. झुरिकचे कापड उद्योजक अ‍ॅडॉल्फ गायर-झेलर या डोंगरांत फिरायला आले असताना त्यांनी वहीच्या पानावर एक रेघ ओढली: आयगर आणि म्योंशच्या आतून जाणारी, थेट युंगफ्राऊच्या माथ्याकडे. पुढे पैसा कमी पडला आणि माथ्याऐवजी रेघ युंगफ्राउयोखच्या खिंडीत थांबली, पण बाकी मार्ग बराचसा त्या पानावरचाच.

रेघ त्यांची. डोंगर फोडला तो मात्र या फोटोतल्या माणसांनी.

बहुतेक इटलीहून आलेले. चेहरे बघा, काही तर मिसरूड फुटलेली पोरंच वाटतात. १८९६ च्या जुलैत काम सुरू झालं. पहिला उघड्यावरचा टप्पा १८९८ मध्ये चालू झाला आणि मग डोंगरात शिरायचं होतं. भोकं पाडायची, सुरुंग ठासायचा, बार उडवायचा, धूर बसला की दगड उपसायचा, आणि पुन्हा भोकं. आयगरमध्ये चुनखडक होता, पुढे म्योंशकडे नाइस हा कठीण खडक लागला आणि वेग मंदावला. हिवाळ्यात खालची गाडी बंद, त्यामुळे पीठ, बटाटे, सरपण सगळं आधीच भरून ठेवायचं. पाणी हवं तर बर्फ वितळवायचा.

२६ फेब्रुवारी १८९९. बोगद्यात स्फोट झाला आणि सहा इटालियन कामगार जागीच गेले. त्याच वर्षी कामगारांनी संप केला. एप्रिलमध्ये गायर-झेलरही वारले. काम थांबलं नाही.

[दृश्य: आइसमेअर स्थानक, काचेपलीकडे हिमनदी]

गाडी इथे पाच मिनिटं थांबते. आइसमेअर, ३१६० मीटर. कड्यात कोरलेल्या या खिडकीतून खाली भेगाळलेला निळसर बर्फ दिसतो. १९०५ पासून सात वर्षं हेच शेवटचं स्थानक होतं. कंपनीची रीतच तशी होती: जेवढा बोगदा तयार, तेवढ्यात गाडी चालवायची, तिकिटाचा पैसा पुढच्या कामात घालायचा. म्हणजे इकडे पाहुणे खिडकीशी उभे, आणि त्याच डोंगरात थोड्या अंतरावर सुरुंगाचे बार.

२१ फेब्रुवारी १९१२ ला शेवटची भिंत फुटली आणि बोगद्यात उजेड आला. १ ऑगस्टला, स्विस राष्ट्रीय दिनी, पहिली गाडी वर पोचली. अंदाज होता सात वर्षांचा, लागली सोळा.

[दृश्य: वरच्या स्फिंक्स वेधशाळेच्या गच्चीवरून अलेच हिमनदी]

ही अलेच. सुमारे वीस किलोमीटर लांबीची, आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी. बर्फावरचे ते दोन काळे पट्टे दगडगोट्यांचे, वेगवेगळ्या प्रवाहांनी वाहून आणलेले. या बाजूचं पाणी ऱ्होन नदीतून भूमध्य समुद्राला मिळतं, पाठीमागच्या उताराचं ऱ्हाईनमधून उत्तर समुद्राला. १८७० पासून ही हिमनदी तीन किलोमीटरहून जास्त मागे सरली आहे आणि आटणं चालूच आहे.

[दृश्य: बर्फमहालाची वाट, सरकता पट्टा, भिंतीवरचे फलक]

१९३४ मध्ये डोंगरातल्या वाटाड्यांनी हा महाल बर्फात कोरला. बर्फ सरकत राहतो, म्हणून छत आणि भिंती आजही तासाव्या लागतात. पर्यटकांच्या अंगच्या उबेने तो वितळू नये म्हणून आत थंड हवाही सोडावी लागते.

तिथे जाताना वाटेत हा सरकता पट्टा लागतो. बांधकामात मेलेल्या कामगारांची नावं इथे भिंतीवर आहेत. पट्टा माणसाला त्यांच्यापुढून पुढे घेऊन जातो आणि बहुतेकांच्या नजरेतून ती सुटतात. वर गेलात तर इथे पट्ट्यावरून उतरा, चालत जा आणि ती नावं वाचा.