फक्त बदललेलं पाठवा

[पडद्यावर टर्मिनलची काळी खिडकी. कर्सर लुकलुकतो आहे.]

दोन कॉम्प्युटर, एकमेकांपासून खूप लांब. दोन्हीकडे एकच फाइल आहे; म्हणजे जवळजवळ एकच. इकडच्या फाइलीत काल काही ओळी बदलल्या, तिकडची जुनीच राहिली. अख्खी फाइल पुन्हा पाठवली की प्रश्न मिटतो. पण फाइल मोठी आहे आणि मधली लाइन टेलिफोनची, डायल-अपची.

फाइली पाठवायची सोय तर केव्हापासूनच होती. एफटीपी म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल पाठवायची ठरलेली पद्धत; अभय भूषण यांनी तिचा पहिला मसुदा लिहिला तो एप्रिल 1971 मध्ये. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून शिकून गेलेले भूषण तेव्हा अमेरिकेत, एमआयटीमध्ये होते. एफटीपीत ‘गेट’ म्हटलं की फाइल येते, ‘पुट’ म्हटलं की जाते. मात्र फाइलीच्या आत काय आहे, याच्याशी तिला देणंघेणं नाही. एक अक्षर बदललं तरी सगळी फाइल पहिल्यापासून.

जून 1996 मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या दोघांनी, अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी, या अडचणीवरचं उत्तर मांडलं. प्रोग्रामचं नाव आरसिंक. ट्रिजेल यांचा सांबा हा विंडोज आणि युनिक्स मशीनांमध्ये फाइली वाटून घेण्याचा प्रोग्राम तेव्हा आधीच लोकांच्या वापरात होता.

खरा पेच असा आहे: दोन फाइलींत फरक कुठे आहे हे कळायला त्या शेजारी शेजारी हव्यात. इथे तर एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. फरक शोधण्यासाठी फाइल मागवायची, तर मग वाचवलं काय?

[दृश्य: एका लांब पट्टीचे सारखे तुकडे पडतात.]

ज्याच्याकडे जुनी फाइल आहे, तो तिचे सारखे तुकडे पाडतो. समजा, 700 बाइटचा एकेक. प्रत्येक तुकड्यावरून एक छोटा आकडा काढतो, त्याला चेकसम म्हणतात. फाइल जागेवरच राहते, आकड्यांची यादी तेवढी पलीकडे जाते. पलीकडचा आपल्या नव्या फाइलीत तेच आकडे कुठे सापडतात ते बघतो. जे तुकडे सापडले ते जुन्या फाइलीत आहेतच. न सापडलेला मजकूरच पाठवायचा.

ऐकायला सोपं आहे, पण यात एक मोठी खोच आहे. मराठी मजकुराची एक फाइल घ्या आणि तिच्या अगदी सुरुवातीला, आपण कागदावर लिहितो तसं, ‘श्री’ लिहा. अक्षरं साठवण्याच्या युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी यांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. म्हणजे एका ‘श्री’मुळे पुढचा सगळा मजकूर 12 बाइट पुढे सरकला. आता नव्या फाइलीचेही 700-700चे तुकडे पाडले, तर एकही तुकडा जुन्याशी जुळायचा नाही. एक अक्षर वाढलं आणि सगळी फाइल परकी झाली!

म्हणून आरसिंक नव्या फाइलीत 700च्या ढांगा टाकत नाही. ती एकेका बाइटनं सरकते आणि प्रत्येक जागी थांबून विचारते: इथून पुढचे 700 बाइट ओळखीचे आहेत का? दर वेळी 700 बाइटचा हिशेब पहिल्यापासून करायचा तर मशीन दमून जाईल. पण हा चेकसम अशा बेताचा आहे की ही 700 बाइटची खिडकी एक घर सरकली की मागून बाहेर पडलेला बाइट वजा करायचा, पुढून आलेला मिळवायचा, थोडी जुळवाजुळव, की नवा आकडा तयार. मला या सगळ्या रचनेत सर्वांत देखणी वाटते ती हीच जागा. ‘श्री’चे 12 बाइट ओलांडले की पहिला जुना तुकडा सापडतो, आणि तिथून पुढे सगळेच जुळत जातात.

असा हलका आकडा कधीतरी योगायोगानंही जुळू शकतो. तो जुळला की मगच दुसरा, भक्कम आणि महागडा चेकसम काढून खात्री करतात. जुने तुकडे आणि आलेला मजकूर जोडून नवी फाइल बांधून झाल्यावर सबंध फाइलीची पडताळणी होते, ती वेगळीच.

[दृश्य: आकडे एकापाठोपाठ एक उमटतात.]

ट्रिजेल आणि मॅकेरस यांनी चाचणीला घेतल्या लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, दोन आवृत्त्या, 1.99.10 आणि 2.0.0. प्रत्येक गठ्ठा सुमारे 24 एमबीचा. जुन्यातल्या 2,441 फाइलींपैकी 291 बदललेल्या. 700 बाइटच्या तुकड्यांनी, दोन्ही दिशांची वाहतूक धरून, सुमारे 2 एमबीत काम भागलं. त्या काळच्या, सेकंदाला 28.8 किलोबिट पाठवणाऱ्या मोडेमचा हिशेब मांडून बघा: जवळपास दोन तासांऐवजी दहा मिनिटं.

एकाच मशीनवरच्या दोन डिस्कमध्ये कॉपी करताना मात्र आरसिंक हा खटाटोप करत नाही, सरळ अख्खी फाइल उचलते. तिथे लाइन संथ नसते, आणि तुलनेसाठी दोन्ही फाइली वाचण्यातच वेळ जातो.

आज डेबियनसारख्या लिनक्स वितरणांचे जगभरचे मिरर सर्व्हर, म्हणजे त्याच फाइलींच्या प्रती ठेवणारे सर्व्हर, आरसिंकनंच ताजे ठेवले जातात. बॅकअप घेणाऱ्यांच्या तर ती हाताशीच असते. वाहतूक बहुधा एसएसएच या सांकेतिक केलेल्या जोडणीतून होते, त्यामुळे पासवर्ड आणि मजकूर वाटेत उघडे पडत नाहीत. साध्या एफटीपीत ते उघडेच जायचे.

[दृश्य: कमांड टाइप होते आहे. कॅमेरा शेवटच्या स्लॅशवर.]

वापरणाऱ्यानं हा स्लॅश नीट बघावा. ज्या फोल्डरमधून पाठवायचं, त्याच्या नावाशेवटी स्लॅश दिला तर आतल्या फाइली जातात. नाही दिला तर फोल्डरच उचलून पलीकडच्या फोल्डरच्या आत ठेवला जातो. सोबत ‘डिलीट’ हा पर्याय लावलेला असेल, तर इकडे नसलेलं तिकडचं सगळं पुसलं जातं. चुकून रिकामा फोल्डर दाखवला, तर वर्षांचा बॅकअप क्षणात साफ. म्हणून आधी तीच कमांड ‘डॅश एन’ आणि ‘डॅश व्ही’ लावून चालवा. काहीही न हलवता, काय जाईल आणि काय पुसलं जाईल याची यादी ती पडद्यावर दाखवते. यादी शेवटपर्यंत वाचा, मग ‘डॅश एन’ काढा आणि एंटर दाबा.