रविवारची सुट्टी आणि इंजिनाचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. 1880 च्या सुमाराची मुंबईतली कापड गिरणी डोळ्यांसमोर आणा. वाफेचं एक इंजिन, छताखालून फिरणारा लांब शाफ्ट, त्यावरून खाली आलेले चामड्याचे पट्टे आणि त्यांवर चालणारे साचे, म्हणजे सूत-कापडाची यंत्रं. इंजिन एक, साचे शेकडो, हे लक्षात असू द्या. कामगारांना जेवायला सोडायचं तर इंजिन थांबवावं लागे. बॉयलरमधला कोळसा मात्र जळतच राही आणि कर्जाचं व्याजही चढत राही. म्हणून मधली सुट्टीच नसे. शेजारच्याला साच्यावर नजर ठेवायला सांगून तिथंच भाकरी खायची. उजाडल्यापासून अंधारापर्यंत काम, त्यामुळे उन्हाळ्यात दिवस आणखी मोठा. पगारही लांबवायचे, कारण पगार अडकलेला माणूस गिरणी सोडत नाही.

आता नारायण मेघाजी लोखंड्यांची गोष्ट. मांडवीच्या गिरणीत ते स्टोअरकीपर होते, पुढे ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक झाले. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. साडेसहाला काम सुरू, सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. पुन्हा सांगतो, रविवार आणि अर्धा तास. दोन्हींत इंजिन थांबतं, म्हणून मालकांचा विरोध तिथंच. बाकी कित्येक गिरण्यांत रविवारी इंजिन आधीच बंद असे, तरी कामगारांना सुटका नसे. चालत्या पट्ट्याजवळ सफाई करताना बोटं जातात, म्हणून साचे पुसायला त्यांना रविवारीच बोलवत.

सहा वर्षं गेली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. त्या काळात, भर मैदानात! शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग सविस्तर हवा, असं माझं ठाम मत आहे. 10 जूनला गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली.

1891 च्या कारखाना कायद्यानं आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास पक्का केला, बायकांना अकरा तासांची मर्यादा घातली. इंग्लंडमधल्या लँकशायरचे कापडगिरणीवालेही अशा कायद्यामागे होते, मुंबईचं सूत महागावं म्हणून. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा नव्हतीच. पुढं गिरण्यांत विजेचे दिवे लागले, अंधाराची अडचण संपली आणि कामाचे तास चौदाच्या पुढे गेले. पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली ती 1911 च्या कायद्यानं.