फुगे वाचून झाले, आता चित्र वाचूया!

नमस्कार मंडळी! वेबकॉमिक्स, म्हणजे इंटरनेटवरची चित्रकथा, मी बरीच वर्षं ‘वाचत’ होते. म्हणजे काय, तर बोलण्याचे फुगे वाचायचे, हसायचं आणि पुढे सरकवायचं. चित्र वाचायला मला शिकवलं ते माझ्या एका आवडत्या समीक्षकांनी. त्यांचे सिनेमावरचे व्हिडिओ मी न चुकता बघते. एके दिवशी ते सिनेमा बाजूला ठेवून ‘डायनासोर कॉमिक्स’वर बोलायला बसले.

(पडद्यावर: सहा रिकाम्या चौकटी)

रायन नॉर्थने २००३ मध्ये सुरू केलेलं हे कॉमिक. सहा चौकटी, आणि जवळजवळ प्रत्येक भागात चित्रं तीच! तोच टी-रेक्स, तिसऱ्या चौकटीत त्याच्या पायाखाली तेच इवलंसं लाकडी घर. बदलतात ते फक्त संवाद. मला वाटलं, मग ह्यात बघायचं काय?

तर ह्या गृहस्थांनी तीन भाग एकाखाली एक लावले आणि त्या उचललेल्या पायावर बोट ठेवलं. संवाद चिडका असेल तर तो पाय आता आदळणार असं वाटतं. संवाद हळवा असेल तर तोच पाय विचारात अडखळलेला दिसतो. रेघ एकही बदललेली नाही! त्या रात्री मी जुने भाग उघडून नुसते पाय बघत बसले होते.

मग त्यांनी विचारलं, कॉमिकमध्ये वेळ कुठे असतो? कॉमिक्सकार स्कॉट मॅकक्लाउडने १९९३ च्या आपल्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ ह्या पुस्तकात म्हटलंय की दोन चौकटींच्या मधल्या मोकळ्या पट्टीत जे घडतं, ते वाचक मनात घडवतो. छापील पानात ती पट्टी बोटभर. पडद्याला मात्र पानाचं बंधनच नाही. दक्षिण कोरियातली वेबटून्स बघा, वरून खाली सरकवत वाचायची. दार किलकिलं झालंय. खाली नुसता काळा रंग. अंगठा सरकतोय, अजून काळंच. आणि मग हात! ती भीती किती वेळ टिकणार हे तुमच्या अंगठ्यावर.

आणि ‘एक्सकेसीडी’ ह्या वेबकॉमिकमधलं ‘टाइम’! त्याचा चित्रकार रँडल मन्रोने २०१३ मध्ये एक चित्र टाकलं आणि ते जागच्या जागी बदलत ठेवलं, आधी अर्ध्या तासाने, मग तासातासाने. असं चार महिने. ३ हजारांहून जास्त चित्रं! सुरुवातीला नुसतं समुद्रकिनाऱ्यावर दोघं वाळूचा किल्ला बांधतायत. इथे दोन चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे खराखुरा एक तास. हे मला ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणणाऱ्या कुठल्याही ॲपने दाखवलं नसतं. आवडेल ते दाखवणं वेगळं आणि त्यात काय बघायचं ते दाखवणं वेगळं, आणि त्यासाठी मला तरी माणूसच लागतो.

एक सांगते, लांबलचक गोष्टीचं कॉमिक असेल तर ताज्या भागापासून सुरू करू नका, थेट पहिल्या पानावर जा. चित्रं कच्ची असतील, असू देत. चित्रकाराचा हात वर्षागणिक कसा बसत जातो, हे बघायला मला फार आवडतं.

‘टाइम’ बघायला घेतलंत तर घाई करू नका, एकेक चित्र पुढे न्या. किल्ल्याकडे बघता बघता पाण्याकडेही लक्ष असू द्या. समुद्र वर चढतोय हे मला पहिल्या वेळी दिसलंच नव्हतं.